कुठल्याच फ्रेममध्ये नसलेली विहीर

आधीच सांगून टाकते... माझा भुताखेतांवर, करणीवर, अंगात येण्यावर काडीचा विश्वास नव्हता आणि आजही नाही. या सदरातले अनुभव मी आजवर चहा पिता पिता करमणूक म्हणून वाचत आले. कुणाला घाटात पांढरी साडी दिसते, कुणाच्या हॉटेलच्या खोलीतला नळ आपोआप सुरू होतो. वाचायचं, हसायचं आणि कामाला लागायचं. स्वतःच असलं काही लिहायला बसेन असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाही हसले असते.

तरी लिहितेय, कारण डोकं फिरलंय. हाच अनुभव मी मागं फोटोग्राफीच्या एका ग्रुपवर थोडक्यात टाकला होता. तिथं मला काय काय शिकवण्या मिळाल्या! "मॅडम, याला घोस्टिंग म्हणतात, जरा वाचत जा." "मॅडम, दुसऱ्या शूटच्या फाइल मिसळल्या असतील." एका महाशयांनी तर "लेडीजना सॉफ्टवेअरचा गोंधळ होतो कधीकधी" असं लिहून वर हात जोडल्याचं चित्र टाकलं. अहो, अर्धं आयुष्य याच कामात गेलंय माझं! घोस्टिंग म्हणजे फ्रेम जोडताना हललेल्या गोष्टीची पुसट सावली उमटणं, ते मी नवशिक्यांना शिकवते. म्हणून आता सगळं नीट, पहिल्यापासून सांगते. विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण शिकवायला येऊ नका.

मी छत्रपती संभाजीनगरची. हे घडलं तेव्हा शहराला आम्ही औरंगाबादच म्हणायचो. सिडकोत माझं छोटं दुकान आहे. इमारतींचे, कारखान्यांचे, हॉटेलांचे फोटो काढायचे, कॉम्प्युटरवर तयार करायचे आणि मोठ्या आकारात छापून द्यायचे, असं एकूण काम. त्यातही एचडीआर ही माझी खासियत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. भर दुपारी अंगणातून घरात आलात की क्षणभर काही दिसत नाही, मग डोळा सरावतो. कॅमेऱ्याला असं सरावणं जमत नाही. आभाळ सांभाळलं तर झाडाची सावली काळी ठिक्कर येते, सावली सांभाळली तर आभाळ पांढरं फटक. म्हणून कॅमेरा स्टँडवर पक्का बसवायचा आणि एकाच दृश्याच्या पाच फ्रेम घ्यायच्या, अगदी अंधाऱ्यापासून अगदी उजळपर्यंत. मग त्या कॉम्प्युटरवर एकत्र करायच्या. या जोडलेल्या फाइलमध्ये इतका उजेड साठलेला असतो की तो कुठल्याच साध्या स्क्रीनवर पूर्ण मावत नाही, आणि कागदावर तर त्याहून कमी. तो सगळा चेपून, दाबून स्क्रीनच्या आणि कागदाच्या मापात बसवायचा, याला टोन मॅपिंग म्हणतात. सावलीत दडलेलं यातून वर येतं. पण लक्षात घ्या — दडलेलं वर येतं. नसलेलं येत नाही. येऊच शकत नाही.

तर ती दुष्काळाची वर्षं होती. लागोपाठचे पावसाळे कोरडे गेलेले. जायकवाडी इतकं आटलं होतं की लोक गाड्या काढून धरणाच्या पोटातली जुनी गावठाणं बघायला जात होते. आमच्या कॉलनीत नळाला पाणी कधी येईल याचा नेम नव्हता. आणि नेमक्या त्याच वर्षांत शहर चौखूर वाढत होतं. चिकलठाण्याच्या पुढं जालना रोड सोडून जरा आत गेलं की जिथं तिथं कुंपणं, मुरमाचे ढीग, क्रेन, आणि रस्त्याला मोठमोठे फलक — निसर्गाच्या कुशीत घर! कुठला निसर्ग? जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या.

अशाच एका प्रोजेक्टचं काम माझ्याकडं आलं. बिल्डरचं नाव घेत नाही. त्यांच्या मार्केटिंगच्या साहेबांनी फोनवर सांगितलं, "मॅडम, आपल्या साइटवर एक मोठा कडुलिंब आहे. त्याची सावली पुढं आणि टॉवर मागं, असा फोटो पाहिजे. बघितल्या बघितल्या माणसाला गारवा वाटला पाहिजे. रोडवरच्या फलकाला लावायचाय."

एप्रिलमधल्या एका दुपारी मी गेले. ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. सॅम्पल फ्लॅटसमोर हिरवळ केली होती आणि एक बाई पाइप धरून त्या हिरवळीवर पाणी मारत होती. कुंपणाच्या पलीकडं एक वस्ती होती, पत्र्याची आणि विटांची घरं, मधोमध निळा झेंडा. वस्तीच्या तोंडाशी घागरींची आणि प्लास्टिकच्या ड्रमची रांग लागली होती. टँकरची वाट बघणारी रांग. इकडं लॉनला पाणी, तिकडं घागरी कोरड्या. मध्ये तारेचं कुंपण.

वॉचमनच्या केबिनशेजारी सिमेंटचा चौथरा होता. त्यावर मी स्टँड लावला. समोर कडुलिंब, त्याच्याखाली सपाट, दाबून घेतलेला मुरूम. एक दगड नव्हता की गवताची काडी नव्हती. पाणी मारणारी बाई सावलीत येऊन टेकली होती, तिला मी म्हटलं, "ताई, जरा बाजूला होता का? फोटोत याल."

"व्हते ना म्याडम." ती उठली आणि माझ्यामागं येऊन उभी राहिली. तिचं नाव विमल. पलीकडच्याच वस्तीतली, इथं झाडलोटीला आणि चहापाण्याला होती. फ्रेम घेता घेता मी विचारलं, "टँकर रोज येतो का तुमच्याकडं?"

"कधी येतो, कधी नाय. लई बेकार दिवस हायेत." एवढंच बोलली. विहीर हा शब्द तिच्या तोंडून निघाला नाही, हे मुद्दाम सांगतेय. मला त्या जागेबद्दल काहीही माहिती नव्हती. शून्य.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात फ्रेम उघडल्या. एकेक करून पाचही पाहिल्या. सगळ्यांत उजळ फ्रेममध्ये झाडाखालचा मुरूम खड्यान्‌खडा दिसत होता. सपाट. मग त्या एकत्र केल्या, टोन मॅपिंगला घेतलं आणि सावल्या उचलल्या.

झाडाखाली विहीर होती.

गोल, काळ्या दगडाचा बांधीव कठडा. कठड्यावर दोन लाकडी खांब, आडवं लाकूड, त्याला चाक. चाकावरून दोर खाली विहिरीत गेलेला आणि दुसरं टोक कठड्यावरून अलीकडं आलेलं. तो दोर ताणलेला होता. एखाद्यानं दोन्ही हातांनी ओढून धरावा तसा तिरपा, ताठ. पण ओढणारं कुणी नव्हतं. दोराचं टोक हवेत संपत होतं. कठड्याचे दगड एका बाजूनं गडद होते... ओले.

मला भीती नाही वाटली. राग आला. माझ्या मशीनला कुणी हात लावला? दुकानात माझ्याशिवाय कुणी नाही. परत पाच फ्रेम तपासल्या. मुरूम. परत जोडल्या. विहीर. कार्डवरच्या मूळ फाइल नव्यानं घेतल्या, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जोडल्या. विहीर! हलणाऱ्या गोष्टी काढून टाकायची सोय असते ती चालू केली, बंद केली. झाडाची पानं तेवढी कमीजास्त पुसट झाली. विहीर जागची हलली नाही.

मग मी व्यवसायातलं डोकं वापरलं. शेजारचा मुरूम घेऊन ब्रशनं विहीर झाकून टाकली. स्क्रीनवर स्वच्छ सपाट जमीन आली. सेव्ह केलं आणि नमुना म्हणून मोठ्या कागदावर प्रिंट दिली. प्रिंटरपाशीच उभी राहिले. आधी आभाळ आलं, मग टॉवर आले, कडुलिंबाचा शेंडा, फांद्या... आणि मग खांबांची टोकं आली. आडवं लाकूड आलं. चाक आलं. माझ्या डोळ्यांसमोर, ओळीओळीनं, कठडा उतरत गेला. मागं वळून स्क्रीनवर पाहिलं तर तिथं सपाट जमीन. कागदावर विहीर.

नवऱ्याला फोन केला. नितीन एका कारखान्यात इंजिनिअर आहे. तो म्हणाला, "प्रिंटरच्या मेमरीत जुनी फाइल अडकली असेल." मला ते पटलं. खरंच पटलं! माणूस पटवून घेतो स्वतःला. मी साफ केलेली फाइल पेन ड्राइव्हवर घेतली आणि ठरल्या वेळी साइटवर गेले.

सॅम्पल फ्लॅटच्या हॉलमध्ये भिंतभर टीव्ही होता. मार्केटिंगचे साहेब सोफ्यावर बसले होते. विमलताई चहाचा ट्रे घेऊन आल्या होत्या. मी पेन ड्राइव्ह लावला, फोटो उघडला आणि टीव्हीवर, दिवसाढवळ्या, पुन्हा ती विहीर. ताणलेल्या दोरासकट.

मी "सॉरी, एक मिनिट" म्हणत होते, तेवढ्यात साहेब उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा उतरला होता. हे काय आहे, कुठला फोटो आहे, असं साध्या माणसानं विचारलं असतं ना? त्यांनी तसं विचारलं नाही. ते म्हणाले,

"आपको किसने बताया?"

"काय कुणी सांगितलं?"

"हे बघा मॅडम, नाटक नको. वस्तीवाल्यांनी तुम्हाला गाठलंय. किती लोक मिळालेत यात? तिथं विहीर नाही, कधी नव्हती. सातबाऱ्यावर नोंद नाही. हे एडिट करून आणून आम्हाला ब्लॅकमेल करताय?"

इतक्यात मागून ट्रे टेकवल्याचा आवाज आला. विमलताई टीव्हीकडं बघत होत्या. हळूच म्हणाल्या, "ही आमची हीर हाये."

"ए, तू बाहर जा!" साहेब ओरडले.

"आमची हीर हाये ही," त्या तेवढ्याच शांतपणे पुन्हा म्हणाल्या आणि बाहेर गेल्या. त्याच दिवशी त्यांना कामावरून काढलं. एक वाक्य बोलल्याबद्दल! मलाही सांगण्यात आलं की आमच्याकडं पुन्हा पाऊल टाकू नका आणि हा फोटो बाहेर गेला तर वकिलाची नोटीस येईल. माझ्याशी त्या आवाजात आजवर कुणी बोललं नव्हतं.

पुढच्या एक-दोन दिवसांत विमलताई दुकान शोधत आल्या. सोबत सासू, सोजराबाई. वाकलेल्या, पण आवाज खणखणीत. प्रिंट मी गुंडाळून कोपऱ्यात ठेवली होती. ती टेबलावर पसरली. आजींनी खुर्ची नाकारली. उभ्यानंच, कागदाला नाक लागेल इतकं वाकून त्या बघत राहिल्या. मग दगडांवरून बोट फिरवायला लागल्या.

"ह्यो दगड म्या वाह्यलेला हाये. नवी नवरी व्हते तवा."

आणि मग त्यांनी सांगितलं. धम्म घेतल्यावर वस्तीतल्या लोकांनी गावच्या विहिरीवर हांजी हांजी करायला जायचं सोडलं. तिथं त्यांना दोर टाकू द्यायचे नाहीत, कुणी वरून पाणी ओतलं तर घ्यायचं. मग वस्तीतल्या बाप्यांनी ठरवलं, आपली आपण खांदू. गायरानाच्या कडेला, दिवसभर लोकांच्या रानात राबून आल्यावर ते खोदायचे आणि बायका दगड वाहायच्या. पाणी लागलं त्या दिवशी सोजराबाईंच्या सासऱ्यांनी पहिला पोहरा काढून वस्तीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईच्या हातावर ओतला होता.

"मग ती गेली कुठं?" मी विचारलं.

विमलताई म्हणाल्या, "नळ आला ताई, मंग हिरीवर कुणी जाईना. तरी व्हती, चांगली व्हती. एका साली समदे ऊस तोडायला गेलो, मागं राह्यली चार म्हातारी. माघारी आलो तर कुंपण पडलेलं आन् समदं रान सपाट. लई फिरलो कचेरीत. म्हणले, सातबाऱ्यावर हीर नाय. म्हणले, जागा दाखवा कुठं व्हती. आता कशी दाखवावी? बांध नाय, बाभळी नाय, टेकाड नाय. समदीकडं मुरूम टाकून वर उचललं त्यांनी. हा लिंब तेवढा राह्यला, पर त्याच्या कोण्या अंगाला, किती लांब... कुणी काय म्हणतं, कुणी काय."

"दोन बारी दाखवली जागा," आजी म्हणाल्या. "दोन्ही बारी उकरलं, काय निघालं नाय. मंग हसले आमाला. खोटारडे म्हणले." मग त्यांचं बोट दोरावर थांबलं. "आन् ह्यो दोर कुणी धरलाय?"

विमलताईंनी पदर तोंडावर घेतला. आजींनी मात्र कागद स्वतः गुंडाळला आणि काखेत मारला.

नितीन त्या संध्याकाळी म्हणाला, "तू यात पडू नकोस. उद्या शहरातला एकही बिल्डर तुला काम देणार नाही." मी म्हटलं, "नाही दिलं तर नाही दिलं." तो म्हणाला, "पण कोर्टात काय सांगशील? फोटो आपोआप आला?" हे मात्र खरं होतं. माझ्या हातात एक असा पुरावा होता जो मला स्वतःलाच समजत नव्हता.

तरीही आम्ही कचेरीत गेलो. वस्तीनं पुन्हा अर्ज केला. दुष्काळामुळं प्रशासन तेव्हा जुन्या विहिरी शोधत होतं, त्यामुळं यावेळी कुणीतरी ऐकलं. एक नायब तहसीलदार जागेवर आले, सोबत मोजणीवाला आणि एक जेसीबी. साहेबही हजर होते, वकिलासकट. नायब तहसीलदार स्पष्ट बोलले, "आधी दोनदा झालंय. आज एकदाच खोदणार. निघालं तर निघालं, नाहीतर तक्रार कायमची बंद. जागा कोण दाखवतंय?"

वस्तीतले सगळे माझ्याकडं बघायला लागले.

साहेब हसत म्हणाले, "सर, ही कॉम्प्युटरवर बनवलेली विहीर आहे. मॅडम त्यात एक्स्पर्ट आहेत."

मी त्यांच्याकडं पाहिलंही नाही. केबिनशेजारचा चौथरा तिथंच होता. त्यावर त्याच जागी स्टँड लावला, तीच लेन्स लावली. आजींनी आणलेली प्रिंट चौथऱ्यावर पसरली आणि टॉवरच्या कडा, कडुलिंबाचं खोड, त्याची तुटलेली फांदी, सगळं कॅमेऱ्यात आणि कागदावर जुळेपर्यंत हलवत राहिले. मग विमलताईंना झाडाकडं पाठवलं. "डावीकडं... अजून... मागं... थांबा!" फोटोत कठड्याचा मध्य जिथं होता तिथं त्या उभ्या राहिल्या. नायब तहसीलदारांना म्हटलं, तुम्हीही बघा. त्यांनी कॅमेऱ्याला डोळा लावला, कागद पाहिला, परत डोळा लावला. जेसीबीवाल्याला हात केला.

तुम्हाला वाटेल मला खात्री होती. मुळीच नव्हती. ते यंत्र पुढं सरकलं तेव्हा मी कागद आणि कॅमेरा पुन्हा एकदा ताडून पाहत होते. मी कशाच्या जोरावर या माणसांची शेवटची संधी पणाला लावली? कुठल्याच फ्रेममध्ये नसलेल्या एका चित्राच्या! लोकांच्या अगदी मागच्या रांगेत मी एका बाईला दुसरीला म्हणताना ऐकलं, "निघू दे बाई, निघू दे."

आधी मुरूम निघाला. मग राडारोडा, सिमेंटची रिकामी पोती, गजांचे तुकडे. मग फरशांचे तुकडे निघाले, फिकट बदामी, त्यावर बारीक नक्षी. सॅम्पल फ्लॅटच्या हॉलमध्ये मी ज्या फरशीवर उभी राहिले होते, तीच. जेसीबीच्या बकेटमधून त्या फरशा घरंगळल्या आणि सगळ्यांनी साहेबांकडं पाहिलं. ते मोबाइल कानाला लावून लांब निघून गेले.

आणि मग बकेट कशाला तरी घासली. जेसीबीवाल्यानं यंत्र थांबवलं. वस्तीतली माणसं फावडी घेऊन उतरली. हातानं माती बाजूला केली. काळा, घडवलेला दगड, त्याच्या शेजारी दुसरा, तिसरा... वळत गेलेली गोल कड.

बाया रडायला लागल्या. सोजराबाई रडल्या नाहीत. त्या खड्ड्यापर्यंत गेल्या, खाली बसल्या, दगडावर हात ठेवला आणि शिव्या द्यायला लागल्या. नाव घेऊन, मोठमोठ्यानं, विहीर बुजवणाऱ्यांच्या सात पिढ्या काढल्या त्यांनी. नायब तहसीलदार मान खाली घालून उभे होते. आजींना कुणी अडवलं नाही. अडवायची हिंमतही कुणाची झाली नसती.

पुढं वस्तीनं स्वतः ती विहीर उपसली. बरेच दिवस चाललं ते काम. सगळ्यात खाली ओल लागली, मग गढूळ पाणी झिरपलं. फार नव्हतं, पण त्या उन्हाळ्यात वस्तीला टँकरकडं बघत बसावं लागलं नाही.

आता ऐका पुढचं. शिक्षा? कुणालाही नाही. विहीर "अनवधानाने बुजवली गेली" असं ठरलं. एवढी मोठी गोल विहीर अनवधानानं कशी बुजते हो? कुंपण मागं सरकलं, विषय संपला. विमलताईंची नोकरी गेली ती गेलीच, त्या आता चिकलठाण्यातल्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये आहेत. मला पुढं कितीतरी दिवस एकाही बिल्डरचं काम आलं नाही.

आणि पुढच्या वर्षी, पाऊस बरा झाल्यावर, मला त्याच साहेबांचा फोन आला! आवाजात साखर. "मॅडम, झालं गेलं विसरून जाऊ. नवीन माहितीपत्रक करतोय. आपल्या प्रोजेक्टला लागून पुरातन विहीर आहे, लोकांना असं हेरिटेज आवडतं. तो तुमचा विहिरीवाला शॉट मिळेल का? ओरिजिनल फाइल?"

मी काय बोलले ते इथं छापण्यासारखं नाही.

पण खरं सांगायचं तर, द्यायचं ठरवलं असतं तरी ती फाइल देता आली नसती. विहीर सापडली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पाच फ्रेम पुन्हा जोडल्या होत्या. सावल्या उचलल्या. झाडाखाली सपाट मुरूम होता. पुन्हा जोडल्या, पुन्हा मुरूम. पेन ड्राइव्हवरच्या फाइलमध्ये, आधी सेव्ह केलेल्या फाइलमध्ये, सगळीकडं सपाट जमीन. त्यानंतर आजपर्यंत कितीदा करून पाहिलं असेल! मी ज्यांच्याकडं पुण्यात हे काम शिकले त्या सरांना फ्रेम पाठवल्या, त्यांनाही काही मिळालं नाही. वस्तीतून प्रिंट मागून आणून ती मात्र मी त्यांना दाखवली. सरांनी भिंग लावून बराच वेळ पाहिली. म्हणाले, "प्रिंट खरी आहे. शाई तुझ्याच मशीनची आहे. बाकी मला विचारू नकोस."

म्हणजे ती एक प्रिंट तेवढी आहे. सोजराबाईंच्या घरी, प्लास्टिकमध्ये घालून भिंतीला लावलेली. ग्रुपवरच्या विद्वानांनी तिथं जाऊन बघावी. चहा मिळेल.

मी शेवटची गेले होते तेव्हा आजी विहिरीच्या कठड्याला टेकून बसल्या होत्या. कठडा पुन्हा बांधला होता. मी म्हटलं, "आजी, तुम्हाला काय वाटतं? फोटोत विहीर कशी आली असेल?"

मला वाटलं होतं, त्या सासऱ्यांचं नाव घेतील, एखादी गोष्ट सांगतील. त्या भडकल्या.

"फोटूचं काय घिऊन बसलीस बाई? जो येतो त्यो फोटूचंच इचारतो. इतकी वर्सं म्या सोता वरडून सांगत व्हते, हितं आमची हीर हाये, हितं आमची हीर हाये. म्या दगड वाह्यले. जित्ती बाई समोर हुबी राहून सांगती, तर खोटारडी म्हणले. आन् तुझा कागद आला तर यंत्र घिऊन आले! माह्या तोंडावर इस्वास नाय, कागदावर हाये. ह्ये कसं, त्ये सांग आधी मला."

फोटोत विहीर कशी आली हे मला आजही माहीत नाही. पण आता कुणी फोटोचं विचारलं की मी आधी आजींचाच प्रश्न त्याला विचारते.